पट दिवसा, नाटक रात्री, खिशात चाळीस हजार

मागच्या जानेवारीतली गोष्ट. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात नाटक होतं. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. तिसऱ्या अंकात आई मरते आणि शहरात गेलेला मुलगा उशिरा पोचतो. मंचावरचे सगळे दिवे घालवून फक्त एक निळा दिवा ठेवलेला. मंडळाच्या मालकांनी संध्याकाळीच बजावून ठेवलं होतं, "भाऊ, बाकी काही हुकलं तरी चालते, हा सीन पायजेच. फ्लेक्सवर हाच टाकाचा हाय."

मी बटण अर्धं दाबलं. लेन्स पुढे गेली, मागे आली, घर्र करून पुन्हा पुढे गेली. फोकस काही बसेना. मुलगा आईच्या पायाशी कोसळला, ऑर्गनवाल्याने सूर धरला, पुढच्या रांगेतल्या बायांचे पदर डोळ्यांना लागले आणि माझा कॅमेरा अजून अंधारात चाचपडतच होता. शेवटी हाताने रिंग फिरवून तीन फोटो काढले. तिन्हींत मागचा रंगवलेला पडदा कसा स्वच्छ, आई-लेक मात्र धुक्यात.

कॅमेऱ्याला दोष देत नाही. कॅननचा 1200 डी, 2014 चं मॉडेल, शिकणाऱ्यांसाठीच काढलेला. मी तो सेकंडहँड घेतला होता, 18-55 आणि 55-250 या दोन लेन्ससकट. त्याने माझा स्टुडिओ उभा केला. स्टुडिओ म्हणजे काय, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लग्नसराईत लग्नं. पावसाळ्यात घरचं दोन एकर धान. पण दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत वेगळाच हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती होतात आणि ज्या गावात पट त्या गावात रात्री नाटक. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या होळीपर्यंत मोकळ्या नसतात. नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. 2014 च्या बंदीनंतर पट थांबले होते, डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यावर पुन्हा जोरात भरू लागले. त्यामुळे माझं काम असं की दुपारी भर उन्हात पळत्या बैलजोडीचे फोटो आणि त्याच दिवशी मध्यरात्री निळ्या-लाल उजेडातल्या माणसांचे. एकाच कॅमेऱ्याने.

बजेट चाळीस हजार. त्यात बावीस लग्नांच्या ऑर्डरींचे, अठरा धानाच्या चुकाऱ्यातले. चुकाऱ्यावर घरातून आधीच दावा लागलेला होता, गोठ्यावर टिनं टाकायची होती. बायको म्हणाली, "तुमचा कॅमेरा रात्री आंधळा होते म्हणता, आपली गाय तर पावसात उभी हाय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीसच्या वर एक रुपया जाणार नाही आणि उरतील तेवढे टिनांना, एवढं कबूल केलं.

मग सुरू झाले सल्ले. ब्रह्मपुरीचा मित्र म्हणाला, आता आरशाचा डीएसएलआर कोण घेतो, बिनआरशाचा मिररलेस घे. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने सांगितलं, कॅननचा 80 डी घे, डोळे मिटून घे. यूट्यूबवर तर दर आठवड्याला एखादा कॅमेरा सगळ्यांना मागे टाकत होता. मला स्वतःला वाटत होतं की आपल्याला स्पीड पाहिजे. 1200 डी सेकंदाला तीन फोटो काढतो, 80 डी सात. पटावर जोडी सुटली की डोळ्यासमोरून निघून जाते, तिथे तीन फोटोंत काय हाती लागणार? महिनाभर मी मनात 80 डीच घेऊन फिरत होतो.

वडशाला एक जुने फोटोग्राफर आहेत, रिळाच्या काळापासून नाटकांचे फोटो काढतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना विचारायला गेलो तर त्यांनी कॅमेऱ्याचं नावही घेतलं नाही. म्हणाले, "मागच्या सीझनले तुझे किती फोटो बाद गेले? अन् काहून गेले, ते सांग पहिले."

मला सांगता येईना. बाद गेलेले फोटो कोण मोजतो?

"मग जा, मोज. अन् मग ये."

नशिबाने आळसापायी मी काहीच डिलीट केलं नव्हतं. एप्रिलमधल्या तीन रात्री कॉम्प्युटरसमोर बसलो. एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने पाडले: फोकस चुकला, हलला, दाणे आले, वेळ चुकली. प्रत्येक फोटोची माहिती उघडून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती तिखट ठेवला) आणि शटर (सेकंदाच्या कितव्या हिश्श्यात फोटो घेतला) बघायचं, मग रकान्यात एक रेघ. पाच रेघा झाल्या की आडवी रेघ, दूधवाला मारतो तशी.

तिसऱ्या रात्री पत्रिका भरली आणि मला माझीच लाज वाटली. पटाचे बाद फोटो होते, पण त्यांतले बहुतेक "वेळ चुकली"मध्ये. म्हणजे जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याने जोडी सोडली आणि मी बटण उशिरा दाबलं. तिथे सेकंदाला सात फोटो निघाले असते तरी सातही उशिराचेच निघाले असते. उन्हात आयएसओ 400 ला 1/1000 शटर आरामात मिळतं, 55-250 लेन्स पोचते, जुना कॅमेरा कुठेही अडत नव्हता. अडत होतो मी. नाटकांच्या रकान्यांत मात्र रेघांना जागा उरली नव्हती. फोकस चुकला, फोकस चुकला, दाणे, दाणे, फोकस चुकला. कामाला आलेले नाटकाचे फोटो पाहिले तर जवळपास सगळेच आयएसओ 3200 किंवा 6400 चे. 1200 डी ची नेहमीची धाव 6400 पर्यंतच. म्हणजे मी वर्षभर त्याला शेवटच्या गियरमध्येच हाकत होतो.

लेन्सचा उपाय आधीच करून झाला होता, हेही सांगायला हवं. कोणी विचारलं तर मी आजही हेच सांगतो, बॉडीच्या, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याच्या आधी 50 एमएमची एफ 1.8 लेन्स घ्या. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड आत जास्त. 55-250 लांबवली की एफ 5.6 वर जाते. तिथून एफ 2 म्हणजे तीन पायऱ्या, आठपट उजेड. नवीन बॉडीवर कितीही खर्च करा, एवढा फरक क्वचित मिळतो. मी ती लेन्स आदल्या वर्षीच घेतली होती, तिच्यानंतरही जे उरलं ते बॉडीचं दुखणं होतं.

आता यादी छोटी झाली. पाहायचे दोनच आकडे होते, अंधारात फोकस किती खाली बसतो आणि सेन्सर (उजेड टिपणारा आतला तुकडा) केवढा आहे. फोकसची ताकद कंपन्या ईव्ही नावाच्या मापात देतात. एक आकडा खाली उतरला की उजेड निम्मा. 1200 डी शून्य ईव्हीपर्यंत चालतो. 80 डी आणि कॅननचाच 2012 चा जुना 6 डी, दोन्ही मधल्या बिंदूवर उणे तीनपर्यंत. म्हणजे आठव्या हिश्श्याच्या उजेडातही ते फोकस धरतात. इथे दोघांची बरोबरी झाली. सेन्सरमध्ये नाही. 6 डी फुलफ्रेम, म्हणजे जुन्या रिळातल्या चौकटीएवढा, त्याचा सेन्सर क्षेत्रफळाने 80 डी च्या सेन्सरच्या अडीच पट. खळ्यात दोन घमेली ठेवली, एक मोठं आणि एक लहान, आणि पाऊस आला, तर ज्यात जास्त पाणी साचेल त्याचंच चित्र कमी दाणेदार. 6 डी मध्ये फोकसचे बिंदू अकराच, तेही मधला सोडला तर अंधारात फारसे कामाचे नाहीत, आणि स्पीड सेकंदाला साडेचार. 80 डी मध्ये पंचेचाळीस बिंदू. कागदावर 80 डी जिंकतो. माझ्या पत्रिकेवर 6 डी जिंकत होता.

एका गोष्टीवर मात्र दोन दिवस अडलो. 80 डी मध्ये दिव्याची लुकलुक ओळखून नेमका फोटो घ्यायची सोय आहे, 6 डी मध्ये ती नाही. आपल्याकडची वीज 50 सायकलची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. शटर 1/100 पेक्षा जलद ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट. पण शटर 1/100 ला ठेवलं की हा त्रास तसाही मिटतो. आणि मंचावर आता ट्यूबलाइट उरल्यात कुठे, सगळीकडे स्वस्तातले एलईडीचे पार दिवे आले. त्यांची लुकलुक या हिशोबात बसतच नाही, 80 डी ची ती सोय 100 आणि 120 च्याच लुकलुकीसाठी आहे. म्हणून तो मुद्दा सोडला.

मिररलेसचाही विचार केला, नाही असं नाही. कॅननचा आर 50 नवा, हलका, पण किट लेन्ससकट साठ हजारांच्या पुढे. त्यांचाच आरपी फुलफ्रेम आहे आणि अंधारात 6 डी पेक्षाही चांगला, पण सेकंडहँडसुद्धा माझ्या आकड्याच्या वर, शिवाय जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर घ्या. आणि बॅटरी. या दोघांच्या छोट्या बॅटऱ्या एका चार्जमध्ये अडीचशे-तीनशे फोटोंच्या हिशोबाच्या. 6 डी ची बॅटरी हजाराच्या आसपास. मंडपाच्या मागे चार्जिंगची एकच पिन असते आणि तिच्यात ऑक्टोपॅडवाल्याचा बोर्ड लागलेला असतो. रात्री दहा ते सकाळी सहा हा माझा कामाचा वेळ आहे, हे यूट्यूबवाल्यांना कोण सांगणार?

फुलफ्रेमचा एक फटका मात्र मोठा होता. माझ्या 18-55 आणि 55-250 या दोन्ही लेन्स ईएफ-एस जातीच्या, लहान सेन्सरसाठी बनलेल्या, 6 डी ला बसतच नाहीत. राहिली एकटी 50. मग वाटलं 1200 डी विकून टाकावा. चौकशी केली तर लेन्ससकट जेमतेम नऊ-दहा हजार. एवढ्या पैशात पटाला लागणारी लेन्स परत मिळणार नव्हती. ठरलं: 1200 डी घरातच राहील, दिवसा पट आणि लग्नाचे ग्रुप फोटो त्याच्यावर. 6 डी वर फक्त 50 आणि फक्त रात्र. पत्रिका घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, पुढच्या बाजूचं नवरा-नवरीचं नावही वाचलं, आणि म्हणाले, "जून लागू दे. लग्नं सरली का लोकं कॅमेरे काढतेत इकाले."

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरची बस धरली. इतवारीची छोटी गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी 2019 मध्ये बंद झाली तेव्हापासून आमचा भरवसा लालपरीवरच. नागभीड, भिवापूर, उमरेड करत सीताबर्डीला उतरलो तेव्हा बारा वाजले होते. डोक्यावर ऊन, पोटाला बांधलेल्या पिशवीत पैसे.

एका दुकानात 6 डी होता, तेहतीस हजार. वरून चकचकीत. मी 50 लेन्स सोबत नेली होती. एफ 16 लावून दुकानाबाहेर आभाळाचा फोटो काढला, सेन्सरवरची धूळ पाहिली. ठिपके होते, पण धूळ साफ होते, त्याची चिंता नाही. लेन्सला टोपण घालून तीस सेकंदांचा काळा फोटो काढला. लाल-पांढरे दोन-तीन कण, तेही चालतं. मग हातात फिरवून पाहिला. पकडीचं रबर नवं कोरं आणि फ्लॅश बसतो त्या पट्टीचा काळा रंग पार घासून धातू दिसत होता. लेन्स बसते त्या कड्याच्या दोन स्क्रूंची तोंडं खाल्लेली, म्हणजे कोणीतरी उघडलेला. किती फोटो झालेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पंधरा हजार, जास्तीत जास्त." कॅननमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीत येत नाही, वायरने कॉम्प्युटरला जोडून वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. ते म्हणाले, वायर नाही. वायर माझ्याकडे होती. मग म्हणाले, आमच्याकडे असं जोडू देत नाहीत. मी लॅपटॉप परत पिशवीत घातला, बाहेर येऊन एक प्लेट तर्री पोहे खाल्ले आणि परतीच्या बसला बसलो.

उमरेडला उतरायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. ओळखीच्या ओळखीतून एका लग्नाच्या फोटोग्राफरचा 6 डी विकायला असल्याचं कळलं होतं, तो मिररलेसवर गेला होता. त्याने घरीच बोलावलं. कॅमेरा दिसायला नागपूरच्यापेक्षा वाईट, अंगठ्याखालचं रबर सुटलेलं, चिकटवलेलं. पण त्याने स्वतःच सांगितलं, "साठेक हजार झाले असतील, पाहून घ्या." जोडला, तर एकसष्ट हजार निघाले. या बॉडीचं शटर एक लाखासाठी बनवलेलं असतं. दोन बॅटऱ्या देत होता. मेनूत बॅटरीची तब्येत दिसते. एकीच्या तिन्ही पट्ट्या हिरव्या, दुसरीची एकच लाल. लाल पट्टी त्याला दाखवली.

"बाकी सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पण मला अंधारात पाहायचाय."

तो हसला आणि मला धान्याच्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं. खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, बाकी काळोख. कोपऱ्यात युरियाची रिकामी पोती घडी करून ठेवलेली. वरच्या पोत्यावरची अक्षरं डोळ्यांना नुसती अंदाजाने कळत होती. मी खाली बसलो, मधला बिंदू अक्षरांवर धरला आणि बटण अर्धं दाबलं. लेन्स एकदाच हलली. टिक् टिक्. हिरवा ठिपका लागला.

मी परत दुसरीकडे नेऊन आणला. टिक् टिक्. चार वेळा, पाच वेळा. बाहेरून त्याच्या आईचा आवाज आला, "काय करून राह्यले गा कोठीत?"

पस्तीसला सांगितला होता, लाल बॅटरीपायी चौतीसला सुटला. साडेआठशेचं कार्ड आणि ओल धरू नये म्हणून चारशेचा हवाबंद डबा. चार हजार साडेसातशे उरले, ते घरी आल्या आल्या बायकोच्या हातात ठेवले. त्यात चार टिनं आली. रोवणीआधी गोठ्याचा एक कोपरा झाकला गेला. गाय त्या कोपऱ्यात जात नाही, ती गोष्ट वेगळी.

पावसाळाभर कॅमेरा डब्यातच, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोणी सांगतं तांदळात ठेवा. आमच्या घरी तांदळाला तोटा नाही, पण कोंड्याची भुकटी कुठे-कुठे शिरते ते गिरणीवाल्याला विचारा.

भाऊबीजेनंतरच्या मंडईत पहिलं नाटक मिळालं. अर्धी रात्र चुका करण्यात गेली. मधल्याच बिंदूने फोकस धरायचा आणि मग कॅमेरा बाजूला सरकवून चौकट बसवायची, हे मी एफ 1.8 वर करत होतो. सरकवताना कानावर फोकस आणि डोळे मऊ. एफ 2.8 ला आलो तेव्हा जमलं, आयएसओ 6400 वर ठेवून 1/100. दुसरं असं की 50 लेन्स जुन्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर 80 एमएमसारखी दिसायची, आता ती खरंच 50 झाली. दोन माणसं चौकटीत मावतात हे छान, पण चेहरा हवा असेल तर जवळ जावं लागतं. म्हणून ऑर्गनवाल्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने आधी डोळे वटारले, मग त्याचाही एक फोटो काढून दाखवला तेव्हा पाय आवरून जागा दिली. बॅटरीसकट पाऊण किलोच्या वर वजन आहे या बॉडीचं, पहाटेपर्यंत मान धरली. परत येताना गाडीच्या उजेडात रस्त्याकडेला काही हललं की मान आपोआप सुटायची, आमच्याकडे पहाटेचा रस्ता वाघाचाही असतो.

पण फोटो! दुसऱ्या दिवशी दुपारी वडशाला मंडळाच्या ऑफिसात लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यासमोर निळ्या उजेडात नायिका, कपाळावर घामाचे थेंब, टिकलीच्या कडेने पावडरची रेघ. मालकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर बोर्डावर पाह्यजे तेवढं मोठं होते." मी खुर्चीत जरा मागे रेललो.

तेवढ्यात नायिका स्वतःच आली. नाटकात ती वीस वर्षांची कॉलेजची पोरगी असते, पंचवीस वर्षं झाली ती भूमिका करतेय. स्क्रीनकडे बघत राहिली. मग फोटो मोठा करायला सांगितला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, पावडरखालची चामडी, ओठांवरचा सुटलेला रंग, सगळं आलं होतं.

"काय गा भाऊ," ती म्हणाली, "तो जुना कॅमेरा इकला का?"

"नाही, घरी आहे."

"मग माह्या फोटोले तोच आणत जा."